सिस्टरच्या हातातला पुडा

आमच्या दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची नाही. नवी गाडी घेतली तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवलं नाही, त्यावरून सासुरवाडीत मला बरंच ऐकावं लागलं. सांगायचा मुद्दा हा, की या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचायचो – पिंपळाखालची बाई, वळणावरचा पांढऱ्या कपड्यातला माणूस वगैरे – आणि बायकोला वाचून दाखवून हसायचो. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे. माझ्या अनुभवातही एक बाई आहे, पण ती जिवंत आहे, ठणठणीत आहे, आणि जे घडलं ते भर दुपारी, दहा-बारा माणसांदेखत घडलं. भीती वाटली का म्हणाल, तर अजिबात नाही. लाज वाटली. अजून वाटते. लिहिताना सुद्धा दोनदा उठून पाणी प्यायलो.

येरमाळ्यात हायवेला लागून आमचं मार्ट आहे. आधी त्याच जागेवर वडलांचं, म्हणजे आण्णांचं, किराणा दुकान होतं. वर पत्रे, पुढं उंच ओटा, आत आण्णा आणि त्यांचा तराजू. आण्णा गेल्यावर मी ते पाडलं, स्लॅब टाकला, रॅक लावले, ट्रॉल्या आणल्या, धाराशिवहून माणूस बोलावून कॉम्प्युटर आणि स्कॅनर बसवला. आण्णांचा फोटो काउंटरच्या मागं लावला. आणि त्यांची एक वस्तू काउंटरवर ठेवली – पितळी ताटली. गिऱ्हाइकानं पैसे ताटलीत ठेवायचे, आपण सुट्टे ताटलीत ठेवायचे. चिल्लर घरंगळत नाही, बरं पडतं. आण्णांच्या दुकानात होती म्हणून माझ्याही दुकानात होती, यापलीकडं मी कधी विचार केला नव्हता.

बारकोडचं मला भारी कौतुक. गिऱ्हाइकांना वाटतं की त्या रेघांत भाव लिहिलेला असतो. तसं काही नसतं हो. रेघांत असतो फक्त एक तेरा आकडी नंबर. स्कॅनरचा लाल उजेड पडला की काळ्या रेघा तो गिळतात, मधल्या पांढऱ्या जागा परत पाठवतात, आणि त्यावरून मशीन नंबर ओळखतं. मग कॉम्प्युटर तो नंबर आपण भरलेल्या मालात शोधतो आणि नाव-भाव पडद्यावर आणतो. म्हणजे भाव दुकानदाराच्या कॉम्प्युटरात, पुड्यावर नुसता नंबर. त्यातला शेवटचा आकडा म्हणजे राखणदार. आधीच्या बारा आकड्यांचं गणित करून तो ठरलेला असतो, आणि गणित जुळलं नाही तर मशीन बीप करत नाही. त्यामुळं मशीन एक तर बरोबर वाचतं, नाहीतर गप्प बसतं. पुडा कुणी आणलाय हे त्याला कळायचं काही कारणच नाही.

हे सगळं व्याख्यान मी एकदा सिस्टरपुढंही झोडलं होतं.

सिस्टर म्हणजे सुलोचना सिस्टर. आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर. सत्तरी ओलांडली, पण चालणं अजून ड्युटीवर निघाल्यासारखं. गावातली निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातची, त्यात मीही आलो. सिस्टर बौद्ध, घर विहाराच्या मागच्या गल्लीत. आण्णांच्या काळात त्या आमच्या दुकानाची पायरी फारशी चढायच्या नाहीत, किराणा कळंबहून आणायच्या. मार्ट झाल्यावर मात्र दर आठवड्याला येऊ लागल्या. एकदा त्यांनी शेंगदाण्याचं पाकीट उचललं, उलटंपालटं केलं, दाबून बघितलं, परत ठेवलं, दुसरं उचललं.

मी म्हणालो, "सिस्टर, सगळी सारखीच आहेत."

"असू दे की. हात लावून घेता येतंय, हे लई बरं हाय."

मला वाटलं, सेल्फ सर्व्हिसचं कौतुक चाललंय. तेव्हाच ते व्याख्यान दिलं, आणि शेवटी छाती फुगवून म्हणालो, "आपल्या मशीनपुढं सगळे सारखे." त्या म्हणाल्या, "मशीन चांगलं हाय." एवढंच म्हणाल्या आणि ट्रॉली ढकलत पुढं गेल्या.

तर तो दिवस. चैत्र महिना, येडेश्वरीची यात्रा तोंडावर, आणि त्याच आठवड्यात जयंती. हायवेवर गाड्यांची रीघ आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही. काउंटरवर शबाना होती – दोन लेकरांची आई, तोंडाची फटकळ, हाताला भलती चपळ. सिस्टर विहारातल्या खिरीचं सामान घेऊन रांगेत उभ्या. ट्रॉलीत शेवयांचे पुडे, साखर, दूध पावडर, काजू, मनुका आणि वर मेणबत्त्यांचे बॉक्स. त्यांच्यामागं म्हादू तात्या. तात्या म्हणजे आण्णांचे जुने दोस्त, त्या वेळी रोज ओट्यावर येऊन बसणारे. हातात बिस्किटाचा पुडा आणि चहापत्ती. त्यांच्यामागं यात्रेकरू.

शबानानं शेवयांचा पुडा स्कॅनरसमोर धरला. बीप नाही. तिनं पुडा सरळ केला, चापून धरला, लांब नेला, जवळ आणला. काही नाही.

"दादा, हे घेईना बघा."

मी उठलो. असं होतं कधीकधी. पुड्याला सुरकुती पडली, रेघा वाकड्या झाल्या, काचेवर पीठ बसलं, काहीही असतं. मी शर्टाच्या टोकानं काच पुसली आणि परत धरला. मशीन गप्प. दुसरा पुडा, तोही नाही. दूध पावडर नाही. म्हटलं प्लास्टिकचाच काही घोळ असेल, म्हणून मेणबत्त्यांचा बॉक्स घेतला – पुठ्ठ्याचा, सपाट, ठळक रेघांचा. तोही नाही.

"तात्यांचं लाव," मी म्हणालो. शबानानं तात्यांचं बिस्कीट धरलं. बीप. चहापत्ती. बीप. तिनं तात्यांचं बिल करून टाकलं. परत सिस्टरच्या शेवया. गप्प.

मग मी ते वाक्य बोललो.

शपथेवर सांगतो, डोक्यात फक्त टेक्निकल विचार होता. उन्हाळा आहे, हाताला घाम असेल, घामानं रेघांवर चमक येते, उजेड नीट परत येत नाही… एवढंच. पंख्यांचा आवाज होता म्हणून जरा मोठ्यानंच बोललो, "शबाना, त्यांनी हात लावलेलं नको. रॅकवरचं दुसरं आण, हात न लागलेलं."

तोंडातून गेलं आणि मग ते मला ऐकू आलं.

रांगेतल्या सगळ्यांनाच ऐकू आलं होतं. शबाना जागची हलली नाही, माझ्याकडं बघत राहिली. आणि तात्या मागून म्हणाले, "पोरगा आण्णावर गेलाय." कौतुकानं म्हणाले हो. शाबासकी दिल्यासारखं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तसं नाही, तात्या, घामामुळं…" असं काहीतरी पुटपुटलो, पण ते माझं मलाच पटत नव्हतं.

सिस्टर अजिबात चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "आण गं," त्या शबानाला म्हणाल्या. "दादा म्हणतेत तसं आण."

शबानानं रॅकवरून शेवयांचा नवा पुडा आणला. बीप. पडद्यावर नाव आलं, भाव आला.

"दे इकडं," सिस्टर म्हणाल्या. पुडा हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला, परत दिला. "आता लाव."

गप्प. तोच पुडा, त्याच रेघा. आत्ता वाजलेला.

मी त्यांच्या हाताकडं बघितलं. कोरडे ठणठणीत हात, नर्सबाईचे, नखं बारीक कापलेली. घामाचा टिपूस नव्हता.

"एकदा झालं तर योगायोग म्हणू," सिस्टर म्हणाल्या. "तात्या, तुमचा पुडा बघू." तात्या काही बोलायच्या आत त्यांनी काउंटरवरचा बिस्किटाचा पुडा उचलला, जरा वेळ धरला आणि शबानाच्या हातात दिला. शबानानं धरला. नाही वाजला. मघाशी वाजला होता, बिलसुद्धा झालं होतं, आता नाही.

सिस्टरनी पुडा तात्यांपुढं केला. "घ्या."

तात्यांचे हात पाठीमागं होते, ते तिथंच राहिले. "ऱ्हाऊ द्या. मला दुसरा द्या."

"तात्या, ह्याचं बिल झालंय," शबाना म्हणाली.

"झालं तर झालं. दुसरा द्या म्हणलं ना."

"मशीनचं एक वेळ समजू," सिस्टर म्हणाल्या. "तुमाला काय झालं, तात्या? तुमची बी काच पुसावी लागती का?"

मागं कुणीतरी हसलं. तात्या लाल झाले, चहापत्तीसुद्धा तशीच टाकून निघून गेले. मी त्यांना थांबवलं नाही, पण सिस्टरच्या बाजूनं एक शब्दही बोललो नाही. काय बोलायचं असतं? माझंच वाक्य त्या काउंटरवर अजून पडलेलं होतं.

सिस्टरनी चष्मा लावला. "रेघांखाली नंबर असतोय ना रे? मशीनला न्हाय जमलं तर हातानं टाकता येतो, तूच सांगितलं होतंस. बस खुर्चीवर. मी वाचते, तू टाक."

शबाना उठली, मी बसलो. सिस्टर एकेक पुडा डोळ्यांजवळ धरून, इंजेक्शनच्या बाटलीवरचं वाचावं तशा वाचू लागल्या. "आठ, नऊ, शून्य…" मी टाकत गेलो. माझे आकडे चुकत होते, आणि राखणदार आकडा जुळला नाही की पडद्यावर लाल पट्टी यायची. पुन्हा पहिल्यापासून. "घाई करू नको," त्या म्हणायच्या आणि परत वाचायच्या. रांग ताटकळली. काहीजण टोपल्या खाली ठेवून निघून गेले. एक यात्रेकरू बाई मात्र पुढं आली आणि टाकून झालेलं सामान काही न बोलता पिशवीत भरू लागली. पूर्ण ट्रॉली अशी हातानं झाली. आण्णा फोटोतून बघत होते असं मी लिहिलं तर तुम्हाला गोष्ट रंगेल, पण माझी पाठ होती फोटोकडं, मला काही माहीत नाही.

बिल झालं. सिस्टरनी बटव्यातून नोटा काढल्या आणि हात पुढं केला. आणि माझा हात… आता हे कसं सांगू. एवढं सगळं होऊन गेल्यावर, सगळं समजून चुकल्यावरही, माझा हात ताटलीकडं गेला आणि त्यानं ताटली पुढं सरकवली. सवयीनं.

सिस्टर ताटलीकडं बघत राहिल्या. "ही कशासाठी हाय, ठाऊक हाय का तुला?"

"चिल्लर… घरंगळू नये म्हणून."

"चिल्लर व्हय." त्यांनी मान हलवली. "आण्णा हिच्यात आमचे पैसे घ्यायचे. वर पाणी शिंपडायचे. बाकीच्यांचे हातात घ्यायचे. तू सगळ्यांचेच घेतोस, तेवढं सुधारलास म्हणायचं."

मी हात पुढं केला. त्यांनी नोटा हातात ठेवल्या आणि माझ्या मुठीवर वरून थोपटलं. "लाजू नको, संजू. माझा हात काय तुला पहिल्यांदाच लागला न्हाय."

मी पिशव्या उचलून ऑटोत नेऊन ठेवल्या. परत आलो तोवर शबाना मागच्या बाईचं सामान घेत होती. बीप, बीप, बीप. एकही पुडा अडला नाही.

दुसऱ्या दिवशी धाराशिवहून स्कॅनरवाला माणूस आला. त्यानं वायर बदलून बघितली, सेटिंग बघितलं, काच उघडली. "सर, पीस एकदम ओके आहे. असं होऊच शकत नाही." कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मी कितीतरी वेळा बघितलं. लाल उजेड सिस्टरच्या पुड्यांवर पडतो तो इतरांच्या पुड्यांवर पडतो तसाच. तात्यांनी टाकलेला बिस्किटाचा पुडा माझ्याकडंच होता, तो सकाळी धरला तर पहिल्या फटक्यात वाजला. मी हाताला पाणी लावून बघितलं, तेल लावून बघितलं, डेटॉल सुद्धा लावून बघितलं. दर वेळी वाजला. बायको दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "काय चाललंय तुमचं?" मी पुडा खाली ठेवला आणि हात धुतले.

आईला मात्र विचारलं, ताटलीबद्दल. आई मेथी निवडत होती. "तुला ठाऊक न्हवतं व्हय?" म्हणाली, आणि काड्या मोडत राहिली. मग मी न विचारताच म्हणाली, "तू घरीच झालास, तवा सिस्टरनं तुला पुसलं, दुपट्यात गुंडाळलं, माझ्या कुशीत दिलं. आण्णानी लगेच तुला परत न्हाऊ घालाय लावलं. थंडीचे दिस. मी घातलं."

"सिस्टरला कळलं होतं?"

"दारातच होती की. चप्पल घालीत होती."

म्हणजे काउंटरवर माझ्या मुठीवर थोपटताना त्यांना ते आठवत असणार. मला कसलीच कल्पना नसताना त्यांना होती.

गावात या प्रकाराचा निकाल लागलेला आहे. तात्या चहाच्या टपरीवर सांगतात, "आण्णाचा जीव दुकानात हाय, मशीनमधी बसलाय." काही लोकांनी मला दुकानाची शांती करून घ्यायचा सल्लाही दिला, एकानं तर माणूसही सुचवला. खरं सांगू, एक क्षण मलाही ते बरं वाटलं. सगळं आण्णांवर ढकललं की मी मोकळा. पण ते वाक्य आण्णा बोलले नव्हते. ताटली आण्णांनी सरकवली नव्हती. मशीनचं सोडा, या दोन गोष्टींना मला कुठलं भूत सापडत नाही.

ताटली मी काढली. भंगारात द्यावी वाटेना, स्वयंपाकघरात नेववेना, शेवटी माळ्यावर टाकली. गिऱ्हाइकं अजून त्याच जागी काउंटरवर पैसे ठेवतात, शबाना हात पुढं करून बसलेली असते तरी. तात्या आता पलीकडच्या दुकानात जातात.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर खिरीचा डबा घेऊन आल्या. डबा माझ्या हातात दिला, आणि मी तिथंच, रांगेसमोर, झाकणात काढून खाल्ली. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. खाताना मी कोण कोण बघतंय हे बघत होतो, हेही खरं आहे. मग त्यांनी मिठाचा पुडा घेतला, शबानानं धरला, आणि तो वाजला. सिस्टर हसल्या. "सुधारलं वाटतं मशीन." मी "हो" म्हणालो.

तेव्हापासून एकदाही अडलेलं नाही. का अडलं होतं ते मला आजही माहीत नाही, स्कॅनरवाल्याला नाही, कुणालाच नाही. तुमच्यात कुणी जाणकार असेल तर जरूर सांगा, पण हाताचा घाम तेवढा सांगू नका.

सिस्टर दर आठवड्याला येतात. त्या रांगेत दिसल्या की मी शबानाला उठवून स्वतः काउंटरवर बसतो. पुडा त्यांच्या हातातून माझ्या हातात घेतो, स्कॅनरसमोर धरतो, आणि बीप वाजेपर्यंत पडद्यावरची नजर हलवत नाही. कारणच सापडलेलं नाही, तर पुन्हा होणार नाही असं कोण सांगणार? मशीनचं म्हणतोय मी. आणि दुसरा हात, ताटली सरकवणारा, मांडीखाली दाबून बसतो, त्याची मला अजून खात्री नाही.